वतनापासून वेतनापर्यंत : पुणे जिल्ह्यातील स्थानिक प्रशासन आणि कर्मचाऱ्यांच्या कार्यक्षमतेचे ऐतिहासिक घटक
(मुळशी तालुक्यातील जांबे परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

स्थानिक शासनसंस्था ही सामान्य नागरिकाच्या दृष्टीने शासनाची सर्वांत जवळची पायरी होय. जन्माची नोंद, घरपट्टी, पिण्याचे पाणी, सातबाराचा उतारा, वारसाचा फेरफार अशा कामांसाठी ग्रामस्थाचा संबंध मंत्रालयाशी येत नाही. तो गावातील कार्यालयाशी आणि तेथील एक-दोन कर्मचाऱ्यांशी येतो. त्यामुळे या कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता हा लोकप्रशासनाच्या अभ्यासातील महत्त्वाचा विषय ठरतो. व्यवस्थापनशास्त्रात या विषयाची मांडणी बहुधा प्रेरणा, वेतन, प्रशिक्षण, नेतृत्व व कार्यस्थळाचे वातावरण या शीर्षकांखाली केली जाते. तथापि हे घटक आजच उद्भवलेले नाहीत. महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे जिल्ह्यातील, ग्रामप्रशासनाच्या इतिहासात त्यांपैकी प्रत्येक घटकाची केव्हा ना केव्हा कसोटी लागलेली आहे.

प्रस्तुत लेखात मराठेशाहीतील वतनी व्यवस्थेपासून आजच्या ग्रामपंचायत कार्यालयापर्यंतच्या प्रवासातील काही निवडक टप्प्यांचा आढावा घेतला आहे. कर्मचाऱ्याच्या कामाची व्याख्या, त्याच्या मोबदल्याचा स्रोत आणि त्याच्या कामाची तपासणी करणारी सत्ता या तीन गोष्टी एकमेकींशी सुसंगत असतील तेव्हा काम चांगले होते. त्यांपैकी एकच गोष्ट सुधारली आणि उरलेल्या दोन तशाच राहिल्या तर दोष नाहीसा होत नाही, तो केवळ जागा बदलतो, हे या आढाव्याचे मुख्य प्रतिपादन आहे. शेवटी पिंपरी-चिंचवड शहराच्या सीमेलगत असलेल्या, मुळशी तालुक्यातील जांबे या गावाच्या संदर्भात या प्रतिपादनाचा विचार केला आहे.

१. वतनी व्यवस्था : कायम सेवा, सैल उत्तरदायित्व

मराठेशाहीत गावाचा कारभार पाटील व कुलकर्णी यांच्याकडे, तर परगण्याचा देशमुख व देशपांडे यांच्याकडे असे. पाटील हा गावाचा प्रमुख. वसूल, बंदोबस्त आणि तंटे ही त्याची जबाबदारी असे. कुलकर्णी गावचे दप्तर सांभाळी. चौगुला, महार आणि इतर बलुतेदार आपापली नेमलेली कामे करीत. या सर्वांना रोख पगार नव्हता. इनाम जमीन, पिकातील वाटा, हक्क आणि मानपान या रूपाने मोबदला मिळे व तो वंशपरंपरेने चाले.

कार्यक्षमतेच्या दृष्टीने या व्यवस्थेची एक बाजू जमेची होती. वतनदाराची बदली होत नसे. शिवारातील प्रत्येक बांध, प्रत्येक घराण्याचा वारसा आणि जमिनीचा कस त्याला ठाऊक असे. हे स्थानिक ज्ञान हीच त्याची पात्रता होती. दुसरी बाजू मात्र उणेची होती. वतन हे सेवेचे मानधन असले तरी व्यवहारात ती खासगी मालमत्ता बनली. तिची वाटणी होई, ती गहाण पडे, तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. काम चोख केले म्हणून वतन वाढत नसे व हलगर्जी केली म्हणून ते सहसा जातही नसे. छत्रपती शिवाजी महाराजांनी अधिकाऱ्यांना शक्य तेथे रोख वेतन देण्याचे व नवी वतने न देण्याचे धोरण ठेवले, त्यामागे हीच जाणीव होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांच्या स्वतंत्र वृत्तीविषयी राज्यकर्त्याला सावध केलेले आढळते.

पेशवाईत परगण्यावर कमाविसदार नेमला जाई आणि त्याच्यासोबत मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस यांसारखे दरखदार असत. दरखदारांची नेमणूक हुजुरातून होई. कमाविसदाराला त्यांना परस्पर दूर करता येत नसे. हिशेबाच्या कागदावर एकापेक्षा अधिक हातांची नोंद असल्याने अफरातफरीला आळा बसे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र महालांचा वसूल मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळली. अधिकाधिक रक्कम कबूल करणाऱ्यास महाल मिळू लागला. मक्तेदाराला मुदतीत रक्कम वसूल करावयाची असे. रयत टिकली काय किंवा परागंदा झाली काय, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. अधिकाऱ्याच्या यशाचे मोजमाप केवळ रकमेवर ठेवले की सेवेचा हेतू कसा लोप पावतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

२. मोजणी आणि देखरेख : प्रिंगल ते विंगेट

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर दख्खनचा आयुक्त माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात येथील ग्रामसंस्थेची प्रशंसा केली व तिच्यात शक्यतो ढवळाढवळ करू नये असे धोरण सुचविले. मक्त्याची पद्धत बंद झाली आणि मामलेदारांना निश्चित वेतन मिळू लागले. गावपातळीवर पाटील-कुलकर्णी मात्र पूर्वीप्रमाणेच राहिले.

नव्या राजवटीला जमिनीची मोजणी व प्रतवारी करून सारा ठरवावयाचा होता. पुणे जिल्ह्यात हे काम आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात हाती घेतले. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या विशिष्ट प्रमाणात सारा बसवावयाचा, अशी त्याची पद्धत होती. सिद्धांत म्हणून ती काटेकोर होती, परंतु प्रत्यक्ष मोजणी व प्रतवारी करणारा खालचा कर्मचारीवर्ग मोठा होता, त्याच्यावरील देखरेख अपुरी होती आणि कामाची रीत अतिशय गुंतागुंतीची होती. चुका आणि लाचखोरी दोन्ही शिरल्या. साऱ्याचे आकडे अवाजवी ठरले, शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या आणि काही वर्षांतच ही व्यवस्था मोडीत काढावी लागली.

यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केले. त्यांनी नवी माणसे शोधण्यापेक्षा कामाची रीत बदलली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. निव्वळ उत्पन्नाचे किचकट गणित त्यांनी सोडून दिले. जमिनीचा रंग, खोली आणि दोष पाहून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे आण्यांत प्रतवारी करावयाची, असा सोपा व सर्वांना समजणारा नियम केला. मोजणीदार व प्रतबंदी करणारा यांच्या कामाचा काही भाग वरिष्ठाने स्वतः शेतावर जाऊन पुन्हा तपासावयाचा, अशी फेरतपासणीची पद्धत घातली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात प्रमाणभूत झाली. प्रिंगलची मोजणी आणि विंगेटची मोजणी एकाच जिल्ह्यात झाली होती. फरक पडला तो कामाच्या व्याख्येत आणि तपासणीत. कर्मचाऱ्यांच्या अकार्यक्षमतेचे खापर केवळ त्यांच्या नीतिमत्तेवर फोडणाऱ्या विवेचनाला हा इतिहास पुरेसे उत्तर देतो.

३. नेमणूक आणि बदली : क्रॉफर्ड प्रकरणाचा धडा

वेतन निश्चित झाले म्हणजे कारभार शुद्ध होतो, हा समज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे येथेच खोटा ठरला. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबई महापालिकेचा पहिला आयुक्त म्हणून नावाजलेला अधिकारी पुढे मध्य विभागाचा आयुक्त झाला. या विभागाचे मुख्यालय पुणे होते. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठी आयुक्ताच्या नावाने पैसे घेतले जातात असा आरोप होऊन १८८८ मध्ये त्याला निलंबित करण्यात आले व न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. लाचखोरीचा आरोप आयोगाने मान्य केला नाही, तथापि आपल्याच अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्डला नोकरी गमवावी लागली.

या प्रकरणातील मामलेदारांचा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. साक्ष दिल्यास संरक्षण मिळेल असे आश्वासन मुंबई सरकारने त्यांना दिले होते. त्यांनी पैसे दिल्याचे कबूल केल्यावर मात्र त्यांनाच बडतर्फ करावे, अशी मागणी इंग्लंडपर्यंत झाली. लोकमान्य टिळकांसह पुण्यातील नेत्यांनी मामलेदारांची बाजू घेतली. अखेर १८८९ मध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला, तरी काहींची नोकरी गेलीच.

मामलेदार हा तालुक्यातील सर्व ग्राम अधिकाऱ्यांचा वरिष्ठ. त्याला स्वतःची जागा टिकविण्यासाठी वर पैसा पोहोचवावा लागत असेल, तर तो कोठून येणार याचे उत्तर गावातच शोधावे लागते. बदलीची अनिश्चितता ही कर्मचाऱ्याची वैयक्तिक अडचण एवढ्यापुरती मर्यादित राहत नाही. ती साऱ्या उतरंडीतील कामाचा दर्जा ठरविते. पुढे एकविसाव्या शतकात बदल्यांचे विनियमन करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला करावा लागला, त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी येथे सापडते.

४. वतनाकडून वेतनाकडे

परगण्याच्या वतनदारांची उपयुक्तता ब्रिटिश अमदानीत झपाट्याने कमी झाली. १८६० च्या दशकात देशमुख-देशपांडे यांना ठराविक रक्कम सरकारजमा करण्याच्या अटीवर प्रत्यक्ष सेवेतून मुक्त करण्यात आले. ग्रामपातळीवरील वतने मात्र चालू राहिली व १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने त्यांचे नियमन झाले. वतनदार घराण्यातील कोणी प्रत्यक्ष काम करावयाचे, त्याने गुमास्ता नेमावयाचा की नाही, त्याला मोबदला किती, या बाबी कायद्याच्या कक्षेत आल्या. जन्माने मिळालेला हुद्दा आणि नियमाने बांधलेले काम यांची ही सांगड होती. ती पूर्णपणे जमली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अनेक गावांतील कुलकर्णी वतने रोख तडजोडीने संपवून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्यास सुरुवात झाली.

या व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर महार वतनदार होते. त्यांच्या कामाचे स्वरूप व मोबदला यांचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडून ऐरणीवर आणला. महार वतनदारास दिवसरात्र केव्हाही सरकारी कामाला बोलाविता येई. तो गैरहजर असल्यास घरातील दुसऱ्या कोणाला तरी हजर व्हावे लागे. मोबदला म्हणून मिळणारी जमीन वाटण्यांमुळे तुटपुंजी झाली होती आणि बलुते देणे न देणे हे गावकऱ्यांच्या मर्जीवर होते. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावी व कामाची निश्चिती करावी, असा या विधेयकाचा आशय होता. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

आधुनिक परिभाषेत बोलावयाचे तर हे विधेयक पदाची कर्तव्ये, कामाचे तास आणि वेतनाची हमी या तीन बाबींविषयी होते. ज्या कर्मचाऱ्याच्या कामाला सीमा नाही आणि ज्याचा पगार त्याच्यावर हुकूम चालविणाऱ्यांच्याच मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्याकडून कार्यक्षमतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हा विचार त्यामागे होता. स्थानिक प्रशासनातील कर्मचाऱ्याचा प्रश्न हा मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून येथे प्रथमच विधिमंडळापुढे इतक्या स्पष्टपणे आला.

ग्राम दप्तरातील एका नोंदीचे मोल किती असते, याचा प्रत्यय त्याच दशकात मुळशीने घेतला. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला व सेनापती बापट यांच्या नेतृत्वाने तो इतिहासात नोंदला गेला. बुडणाऱ्या जमिनींपैकी अनेकींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. हक्काची नोंद असलेल्यांना मोबदल्याचा मार्ग मोकळा होता. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या मावळ्यांच्या पुढे मात्र उपजीविकेचाच प्रश्न उभा राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद संपुष्टात आले. गावचे दप्तर पूर्णतः पगारी, बदलीपात्र तलाठ्याच्या हाती आले. वंशपरंपरेचा दोष गेला, पण वतनदाराजवळ असलेले स्थानिक ज्ञान टिकविण्याची सोय झाली नाही. तलाठ्याकडे एका गावाऐवजी अनेक गावांचा सजा आला आणि तो गावचा रहिवासी असेलच असे राहिले नाही.

५. पंचायत राज आणि दुहेरी नियंत्रण

महसुली दप्तराला समांतर असा दुसरा प्रवाह स्थानिक स्वराज्याचा होता. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात स्थानिक मंडळांचा कायदा झाला. १९२० आणि १९३३ मध्ये ग्रामपंचायतींचे कायदे झाले. या संस्थांजवळ पैसा थोडा आणि कर्मचारी त्याहूनही थोडे होते. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम यांनी चित्र पालटले. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने गटाला महत्त्व दिले होते. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला आणि त्यामुळे कर्मचाऱ्यांची आस्थापनाही जिल्हा पातळीवर एकवटली.

या रचनेत ग्रामसेवक हा ग्रामपंचायतीचा सचिव, परंतु जिल्हा परिषदेचा सेवक आहे. त्याची नेमणूक व शिस्तभंगाची कारवाई जिल्हा परिषदेकडे, दैनंदिन देखरेख गटविकास अधिकाऱ्याकडे आणि प्रत्यक्ष काम सरपंच व पंचायतीसोबत. याउलट शिपाई, लिपिक, पाणीपुरवठा कर्मचारी हे ग्रामपंचायतीचे स्वतःचे नोकर असून त्यांचे वेतन मोठ्या अंशी करवसुलीवर अवलंबून असते. एकाच खोलीत बसणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांचे धनी वेगळे, वेतनाचे स्रोत वेगळे आणि सेवाशर्ती वेगळ्या असतात. तलाठी आणखी तिसऱ्याच, म्हणजे महसूल खात्याच्या उतरंडीत आहे.

दुहेरी नियंत्रणाला समर्थन नाही असे नव्हे. ग्रामसेवक सर्वस्वी सरपंचाच्या अधीन असता तर गावातील सत्तेच्या दडपणापुढे त्याला नियम सांभाळणे कठीण झाले असते. दरखदार कमाविसदाराच्या हाताखाली असूनही त्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हता, त्याच तत्त्वाचा हा आधुनिक अवतार म्हणता येईल. दोष उद्भवतो तो दोन नियंत्रकांच्या अपेक्षा परस्परविरोधी असतात तेव्हा. ग्रामसभेला पाणी आणि रस्ता हवा असतो. गटाच्या कार्यालयाला ठराविक तारखेस ठराविक नमुन्यात माहिती हवी असते. कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल जेथे लिहिला जातो, तिकडेच त्याचे लक्ष स्वाभाविकपणे वळते.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले व अकराव्या अनुसूचीतील २९ विषय त्यांच्या कक्षेत आणण्याची दिशा दाखविली. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात (२०१५-२०) निधी थेट ग्रामपंचायतीकडे आला. जबाबदाऱ्या व निधी वाढले, तथापि ते हाताळणारा सचिव बहुतेक ठिकाणी एकच राहिला. २००० नंतर ग्रामसेवकांची भरती आरंभीची काही वर्षे कंत्राटी मानधनावर होऊ लागली. संगणकीकरणासाठी नेमलेले परिचालकही कंत्राटीच राहिले. ज्या हातांवर नव्या व्यवस्थेची भिस्त होती, त्यांनाच सेवेची शाश्वती नव्हती, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्याचा आणि तलाठ्यास ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणण्याचा निर्णय घेतला. पदनामाने प्रतिष्ठा वाढण्यास मदत होते, परंतु कामाचा बोजा पदनामाने हलका होत नाही.

६. कार्यालयीन शिस्त आणि प्रोत्साहन

कर्मचारी तेच, वेतन तेच आणि कायदाही तोच असताना केवळ कामाच्या मांडणीने फरक पडतो, याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘लखिना पॅटर्न’. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेखांचे वर्गीकरण आणि नागरिकांना मिळणारी माहिती यांची फेररचना केली. सुमारे तीन दशकांनी पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी याच विचाराच्या आधारे ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम राबविली. प्रत्येक टेबलावरील कागदांचे सहा गठ्ठ्यांत वर्गीकरण करावयाचे, जुने अभिलेख निकाली काढावयाचे आणि दररोजचे काम दररोज संपवावयाचे, ही तिची सूत्रे होती. विंगेटच्या तक्त्याप्रमाणेच येथेही नियम सोपा होता आणि वरिष्ठाला एका दृष्टिक्षेपात तपासता येण्याजोगा होता.

कायद्याच्या मार्गानेही प्रयत्न झाले. २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध अधिनियमाने शासकीय कर्मचाऱ्यांचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरविला आणि एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये असा दंडक घातला. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला व कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. प्रशिक्षणासाठी पुण्यात ‘यशदा’सारखी संस्था उभी राहिली.

दंडाबरोबर गौरवाचाही प्रयोग झाला. २००० मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावांची स्पर्धा घेऊन पारितोषिके देण्यात आली. येथे ग्रामसेवक, सरपंच आणि ग्रामस्थ यांचे उद्दिष्ट काही काळ एक झाले. दुहेरी नियंत्रणातील ताण अशा सामाईक उद्दिष्टाने सैल होतो, असा निष्कर्ष त्यातून काढता येतो. मात्र मोहीम ओसरल्यावर तो परिणाम टिकविण्यासाठी कायमस्वरूपी यंत्रणा लागते.

७. जांबे : गाव बदलले, पद बदलले नाही

मुळशी तालुक्याचे दोन स्वभाव आहेत. पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूला डोंगर, अतिवृष्टीचा प्रदेश आणि विखुरलेल्या वाड्या आहेत, तर पूर्वेस पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांना भिडलेली गावे आहेत. जांबे हे गाव या पूर्व पट्ट्यातील आहे. मारुंजी, नेरे, हिंजवडी ही त्याच्या परिसरातील गावे. तालुक्याचे ठाणे मात्र पौड येथे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान विकसित होऊ लागले आणि या पट्ट्याचा कायापालट सुरू झाला. भाताची खाचरे आणि ज्वारीची शेते असलेल्या शिवारांत निवासी प्रकल्प उभे राहू लागले.

शेतीप्रधान गावात फेरफाराचे काम मुख्यतः वारस, वाटणी आणि सोसायटीचा बोजा एवढ्यापुरते असते. शहरालगतच्या गावात खरेदीखते, विकसन करारनामे, अकृषिक वापर आणि पोटहिस्से यांची त्यात भर पडते. फेरफाराची नोंद घेणे, हितसंबंधितांना नोटिसा देणे, हरकतींची मुदत सांभाळणे व मंडळ अधिकाऱ्याकडून नोंद प्रमाणित होणे ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे. परंतु एका नोंदीमागील आर्थिक मूल्य आणि वादाची शक्यता यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. ग्रामपंचायतीची करआकारणी नोंदवही म्हणजे नमुना ८. ती कौलारू घरांसाठी योजली गेली. तिच्यात आता बहुमजली इमारतींतील सदनिकांची आकारणी करावी लागते. कचरा, सांडपाणी, पथदिवे या महानगरपालिकेच्या स्वरूपाच्या सेवा ग्रामपंचायतीकडून अपेक्षिल्या जातात. नवा रहिवासी ग्रामसभेला क्वचितच जातो, पण तक्रार मात्र शहरी सवयीने ऑनलाइन करतो.

२०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाल्यापासून बांधकाम परवानगी व नियोजन या बाबी प्राधिकरणाच्या कक्षेत आल्या. अशा रीतीने इमारतीस परवानगी देणारी संस्था एक, तिच्या रहिवाशांना पाणी व स्वच्छता पुरविण्याची जबाबदारी दुसरीची आणि जमिनीची नोंद तिसऱ्या खात्याकडे, अशी विभागणी झाली. जांबे, हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे आदी गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट करण्याचा प्रस्तावही वेळोवेळी चर्चेत आला आहे. ज्या संस्थेचे भवितव्य अनिश्चित आहे, तिच्या कर्मचाऱ्यांच्या नव्या पदांना मंजुरी, कार्यालयाचा विस्तार किंवा दीर्घ पल्ल्याची योजना यांना गती मिळणे कठीण असते.

या परिस्थितीत एखादा दाखला उशिरा मिळाला, तर ग्रामस्थ त्याचे कारण कर्मचाऱ्याच्या आळसात शोधतो आणि कर्मचारी आपल्या बोज्यात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. इतिहासाच्या कसोटीवर पाहता मूळ प्रश्न वेगळा आहे. पदाची रचना, सजाची आखणी आणि कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध हे शेतीप्रधान गाव डोळ्यांसमोर ठेवून घडले. महानगराच्या कडेवरील गावाचे काम त्या साच्यात मावत नाही. ताम्हिणीच्या वाटेवरील वाडी आणि हिंजवडीलगतचे जांबे एकाच मापाने मोजले जाते तेव्हा दोन्ही ठिकाणी माप चुकते. पश्चिमेस अंतर अधिक म्हणून कर्मचारी गावात पोहोचत नाही, तर पूर्वेस काम अधिक म्हणून गाव कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

समारोप

वरील आढाव्यातून काही निष्कर्ष निघतात. पहिला, मोबदला हा महत्त्वाचा घटक असला तरी तो एकटा पुरेसा नाही. वतनदाराजवळ कायम मोबदला होता आणि क्रॉफर्डकाळच्या मामलेदाराजवळ निश्चित वेतन होते, तरीही कारभारात दोष राहिले. मात्र मोबदल्याची हमीच नसेल तर इतर सर्व उपाय निष्फळ ठरतात, हे १९२८ च्या विधेयकाने दाखवून दिले. दुसरा, साधा व स्पष्ट नियम आणि प्रत्यक्ष जागेवर होणारी तपासणी यांचा परिणाम उपदेशापेक्षा अधिक होतो. इंदापूरची मोजणी व सहा गठ्ठ्यांची पद्धत यांच्यात पावणेदोनशे वर्षांहून अधिक अंतर असूनही त्यांचे तत्त्व एकच आहे. तिसरा, पदावधीची शाश्वती आणि स्थानिक ज्ञान यांचा निकटचा संबंध आहे. वतन रद्द करणे आवश्यकच होते, परंतु त्याच्यासोबत गावाची जी ओळख गेली तिची भरपाई सुव्यवस्थित अभिलेख व पुरेशी मुदत यांनीच होऊ शकते.

चौथा निष्कर्ष जांबेसारख्या गावांच्या दृष्टीने तातडीचा आहे. सजा, पदसंख्या आणि सेवांची विभागणी यांचा फेरविचार लोकसंख्येच्या जुन्या निकषांऐवजी फेरफारांची संख्या, मिळकतींची संख्या आणि सेवांची प्रत्यक्ष मागणी यांच्या आधारे होणे अगत्याचे आहे. गाव ग्रामपंचायतीत राहो वा महानगरपालिकेत जावो, संक्रमणाच्या वर्षांतही तेथे माणसे जन्माला येतात, वारस लागतात, नळाला पाणी लागते. त्या वर्षांतील नोंदींवर पुढील पिढ्यांचे हक्क ठरणार आहेत. मुळशीच्या धरणग्रस्तांना एका नोंदीची किंमत शंभर वर्षांपूर्वी कळली होती. तीच नोंद आज ज्याच्या हातून घडते, त्या कर्मचाऱ्यास पुरेसा वेळ, निश्चित वरिष्ठ आणि वाजवी वेतन मिळाले पाहिजे. त्यात शासनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हित ग्रामस्थांचे आहे.